वासाला भुलू नका, तेल बघा

पार्लरमध्ये जा, मेडिकलमध्ये जा, नाहीतर मोबाइलवर बोट फिरवा. करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या सगळीकडे दिसतात. लॅव्हेंडर, टी-ट्री, रोजमेरी, लेमन. नावं गोड, वास त्याहून गोड आणि किंमत मात्र घरातल्या महिन्याच्या गोडेतेलाशी बरोबरी करणारी. 'अरोमाथेरपी' हा शब्द आता काही मुंबई-पुण्याचाच राहिलेला नाही. भुसावळ-जळगावकडेही लग्नसराई आली की नवरीच्या पॅकेजात 'अरोमा मसाज' हवाच असतो.

माझी त्याला हरकत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईने अर्धा तास कुणाकडून डोकं चेपून घेतलं, हातापायाला तेल लावून घेतलं, तर बिघडलं कुठे? हरकत एवढीच, की आपण वास घेतो, बाटली बघतो, भाव करतो. पण हा वास ज्या तेलात मिसळून अंगाला लावायचा, ते तेल कोणतं हे कुणी विचारत नाही. त्या तेलाला इंग्रजीत कॅरिअर ऑइल म्हणतात. आपण त्याला मूळ तेल म्हणू. सुगंधी तेल त्याच्या पाठीवर बसून अंगात शिरतं. माझं म्हणणं असं, की पैसे आणि डोकं खर्च करायचं ते या मूळ तेलावर.

शंभरातले अठ्ठ्याण्णव

जरा हिशेब करून बघा. चहाच्या चमच्यात साधारण ५ मिली तेल मावतं, म्हणजे ढोबळमानाने १०० थेंब. त्यात सुगंधी तेलाचा एक थेंब टाकला की झालं एक टक्का. चेहऱ्याला एवढंच पुरे. हातापायाला, पाठीला चमच्यामागे दोन थेंब, त्यावर नको. म्हणजे अंगाला लागणाऱ्या शंभर थेंबांतले अठ्ठ्याण्णव मूळ तेलाचे असतात. आपण मात्र दोन थेंबांसाठी पाकीट रिकामं करतो आणि अठ्ठ्याण्णवांसाठी हाताला येईल ती बाटली उघडतो!

आणि हो, सुगंधी तेल तसंच्या तसं, कशात न मिसळता अंगाला कधीही लावू नका. मुरमांवर टी-ट्रीचा थेंब थेट टेकवणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. किलोच्या किलो पाला-फुलं उकळून त्या चार थेंबांचा अर्क निघालेला असतो. तो त्वचेला भाजतो, आणि एकदा का त्याची अॅलर्जी बसली की जन्मभर पुरते.

हा वास आपल्याच डोंगरातला

अरोमाथेरपी हा शब्द रने-मॉरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा. १९३७ मध्ये त्याने याच नावाचं पुस्तक लिहिलं. पण वास तेलात पकडायची विद्या आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. उत्तर प्रदेशात तिळाच्या आणि मोगऱ्या-चमेलीच्या फुलांच्या थरावर थर रचत. तीळ फुलांचा वास पिऊन घेत आणि मग ते तीळ घाण्यात घालत. चमेलीचं तेल ते हेच. म्हणजे आधी मूळ तेलाचा विचार, मग वासाचा.

आपल्या खानदेशाची गोष्ट तर आणखी जवळची आहे. सातपुड्याच्या उतारावर रोशा नावाचं गवत उगवतं. नंदुरबार भागात या गवताच्या भट्ट्या लागत आणि ते तेल सांधेदुखीवर नामांकित होतं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरांत त्याची नोंद आहे. गुलाबासारखा वास असल्यामुळे मुंबईच्या बंदरातून ते तुर्कस्तानाकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. आज परदेशी बाटलीवर 'पामारोजा' असं नाव वाचाल, तो हाच आपला रोशा. आपल्याच डोंगरातलं गवत दुसऱ्याच्या लेबलाखाली दामदुप्पट भावाने घ्यायचं आणि घरातल्या तिळाच्या तेलाला नाक मुरडायचं, हे काही मला पटत नाही.

पण मैत्रिणींनो, 'आपलं ते सगळं चांगलं' असंही मी म्हणणार नाही. आजीचं म्हणून सगळं बरोबर नसतं आणि विदेशी म्हणून सगळं खोटं नसतं. तेलाची पारख तेल बघूनच करायची.

कुणाला कोणतं तेल?

तीळ : अभ्यंगाचं तेल म्हणून तिळाला मान आहे तो उगाच नाही. ते फार जड नाही, फार हलकं नाही. त्यात मुळातच असे घटक असतात की ते लवकर खवट होत नाही. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात हा मोठाच गुण. कोरड्या अंगाला, हिवाळ्यात, बाळंतिणीच्या मालिशीला हेच बरं. मात्र स्वयंपाकात वापरतात ते भाजलेल्या तिळाचं गडद तेल नको. कच्च्या तिळाचं, फिकट पिवळं घ्या.

खोबरेल : यातला जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. केसांत हे तेल चांगलं मुरतं. कोरड्या, खाजऱ्या अंगालाही चालतं. पण ज्यांचा चेहरा तेलकट आहे, मुरमं येतात, त्यांनी तोंडाला लावू नये. छिद्रं बुजतात आणि मुरमं वाढतात. थंडीत ते थिजतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

शेंगदाणा : खानदेशात भरताला शेंगदाण्याचं तेल लागतं तसं हातापायालाही लागायचं. औषधी मलमांत 'अॅरॅकिस ऑइल' अशा भारदस्त नावाने जातं ते हेच. जरा जड आहे, भेगाळलेल्या टाचांना उत्तम. घरात कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर मात्र लांब राहा.

करडई आणि सूर्यफूल : ही दोन्ही तेलं हलकी, अंगावर चिकट न राहणारी. यांत लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि त्वचेचं वरचं कवच धड राहायला ते लागतं. तेलकट चेहऱ्याला काही लावायचंच असेल तर यांचे दोन-तीन थेंब. मात्र ही लवकर खवट होतात, म्हणून थोडी थोडी आणा.

एरंडेल : मधासारखं घट्ट. एकटं वापरायचं तेल नव्हे हे. तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात चौथा हिस्सा मिसळा.

ऑलिव्ह : याची फार हवा आहे. बाळाला, नवरीला, सगळ्यांना ऑलिव्हच पाहिजे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलं, तर त्वचेचं कवच कमजोर झालं. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. म्हणजे महागडी बाटली हरली आणि किराण्यातली जिंकली. ऑलिव्ह खायला उत्तम असेल, अंगाला त्याचा हट्ट नको.

जोजोबा : हे खरं तर तेल नाहीच, पातळ मेण आहे. आपल्या त्वचेच्या नैसर्गिक तेलकटपणाशी ते जुळतं, म्हणून चेहऱ्याला सहसा मानवतं. परवडत असेल तर जरूर घ्या. नाही परवडलं तर करडईवर भागतं.

कोणतंही तेल असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन रात्री लावून बघा. लाली, खाज, पुरळ नाही आलं तरच पुढे जा. पार्लरवाल्या ताईंनाही विचारायला लाजू नका, 'ताई, यात मूळ तेल कोणतं आहे?' सांगता आलं नाही तर तो मसाज त्या दिवशी राहिला तरी चालेल.

लेबल वाचायची सवय

'बदामाचं तेल' म्हणून घेतलेली बाटली उलटी करून बघा. बारीक अक्षरांत 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' लिहिलेलं असतं आणि बदाम बिचारा यादीच्या शेवटाला. हे तेल पेट्रोलियमपासून काढतात. शुद्ध केलेलं असेल तर ते विष नाही, अंगावर थर धरून ओलावा टिकवतं. पण मग पैसे बदामाचे का द्यायचे?

खोबरेलाचं तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाण्याचं समजायचं की केसांचं, यावर कराचा वाद वर्षानुवर्षं चालला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. आपल्यासाठी यातलं मर्म असं : बाटलीवर हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असेल तर ते खाद्यतेल, त्याला खाद्यतेलाचे नियम लागू. 'हेअर ऑइल' असं लिहिलं असेल तर ते सौंदर्यप्रसाधन, त्यात वास-रंग-पॅराफिन काहीही असू शकतं. अंगाला लावायचं मूळ तेल मी तरी खाद्यतेलातूनच निवडीन.

घाण्याचं, पण डोळे उघडे ठेवून

१९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी जुन्या घाणीत सुधारणा करून 'वर्धा घाणी' बनवली. पुढे रिफाइंड तेलाच्या डब्यांपुढे गावोगावचे घाणे बसले. आता तेच लाकडी घाणे विजेच्या मोटरवर पुन्हा सुरू झालेत. आनंदच आहे. पण पाटी लावली म्हणून तेल शुद्ध होत नाही.

इथे आपलं गृहिणीचं गणित उपयोगी पडतं. शंभर किलो शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण चाळीस किलो तेल निघतं. म्हणजे किलोभर तेलाला अडीच किलो दाणे. पेंड विकून मालकाचे काही पैसे सुटतात, ते मजुरीत आणि विजेत जातात. तेव्हा अडीच किलो दाण्यांच्या भावापेक्षा तेल फारच स्वस्त मिळत असेल, तर समजून जा की त्यात सरकी नाहीतर पाम आहे. तिळाचंही तसंच. शक्य असेल तर तीळ आपण न्यायचे आणि समोर बसून काढून आणायचे.

सुटं, बिनलेबलाचं तेल तर अंगालाही नको. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. अंगाला सूज येऊन साठच्या वर माणसं दगावली. त्याच वर्षी सरकारने खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकायचा आदेश काढला. अशा भेसळीच्या तेलाने नुसतं अंग चोळल्यानेही हा आजार झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. रेल्वेमुळे भुसावळात उत्तरेकडची कितीतरी कुटुंबं राहतात आणि त्यांच्याकडे मालिशीला मोहरीचंच तेल असतं. त्या शेजारणींनाही हे सांगा.

बाळाच्या अंगाला प्रयोग नकोत

तेलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त वाद होतात ते बाळंतिणीच्या खोलीत. सासूबाई म्हणतात हे, माहेरची माय म्हणते ते, आणि सून मोबाइलमध्ये तिसरंच वाचते. यात भरडलं जातं ते बाळ.

मालिश चांगली, याबद्दल दुमत नाही. २००५ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास 'इंडियन पेडिअॅट्रिक्स'मध्ये आला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या ज्या बाळांना खोबरेल तेलाने मालिश केली, त्यांचं वजन मिनरल ऑइलवाल्या बाळांपेक्षा चांगलं वाढलं. त्याच वर्षी बांगलादेशातल्या ढाक्याच्या शिशु रुग्णालयातला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे अशाच नाजूक बाळांना सूर्यफुलाचं तेल लावलं, तर त्यांच्यात रक्तातला जंतुसंसर्ग कमी झाला. साधीसुधी तेलं, पण काम मोठं. म्हणजे आजीचा मालिशीचा आग्रह बरोबरच होता.

पण आजीच्या काही गोष्टी आता सोडल्या पाहिजेत. बाळाच्या नाकात-कानात तेलाचे थेंब सोडू नका. नाकातलं तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. सर्दी झाली म्हणून छातीला कापूर घातलेलं खोबरेल चोळतात, तेही दोन वर्षांच्या आतल्या बाळाला नको. कापूर त्वचेतून आणि श्वासातून आत जातो आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. निलगिरीचं तेलही तितकंच जपून. पोटात गेलं तर थोडंही धोक्याचं असतं, म्हणून बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. तान्ह्या बाळाला सुगंधी तेलाचा एकही थेंब नको. आईचा वास त्याला पुरेसा आहे. गरोदरपणीसुद्धा ही तेलं डॉक्टरांना विचारूनच.

आपल्या उन्हाचा हिशेब वेगळा

पुस्तकं आणि व्हिडिओ करणाऱ्यांना भुसावळचा मे महिना ठाऊक नसतो. पारा ४५ अंशांच्या वर, अंगाची लाही, त्यात औष्णिक वीज केंद्राची राख आणि रस्त्याची धूळ. अशात अंगभर तेल थापून बाहेर पडलं की धूळ चिकटते, घामाची वाट अडते आणि घामोळं येतं. तेव्हा उन्हाळ्यात तेल रात्री, तेही थोडं, हातापायापुरतं. खरं अभ्यंग दसऱ्यापासून होळीपर्यंत.

लिंबाच्या तेलाचं तर विशेष सांभाळा. लिंबासारख्या फळांच्या सालीतून दाबून काढलेलं तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि नंतर काळे डाग पडतात. ते महिनोन् महिने जात नाहीत. चेहरा उजळावा म्हणून लेमन ऑइल लावायचं आणि दुपारी मुलाला शाळेतून आणायला निघायचं, म्हणजे उलटाच प्रकार.

तेल ठेवायची जागाही बदला. गॅसच्या शेजारी, खिडकीत, गच्चीवरच्या पत्र्याखाली नको. छोटी बाटली, गडद काचेची, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. खवट वास आला की ते तेल अंगाला लावू नका, दिव्यातही घालू नका. आणि तळणीचं उरलेलं तेल हातापायाला चोळून 'वाया नको जायला' म्हणणाऱ्या बायांना तर माझा हात जोडून नमस्कार!

ही चैन नव्हे

शेवटी मनातलं बोलते. आपल्या घरांत तेलावर हक्क कुणाचा असतो, बघा. दिवाळीला पहिलं उटणं घरच्या पुरुषांना, मग मुलांना. बाईच्या वाट्याला वाटीच्या तळाचं तेल. रोजच्या दिवशी तर तेही नाही. इकडे कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी बोटं फाटतात, भांड्यांच्या साबणाने तळहात सोलतात, टाचांच्या भेगांत माती शिरते. यावर कुणी खर्च केला तर घरातून टोमणा येतो, 'हिला आता नटायचं सुचतंय.'

म्हणून मला ही फॅशनच्या बाटल्यांची लाट अगदीच वाईट वाटत नाही. निदान बाईला आपल्या कातडीकडे बघावंसं वाटलं. फक्त तो खर्च तिच्या उपयोगी पडावा. शेतात जाणाऱ्या बाईला लॅव्हेंडर नसलं तरी चालेल. रात्री भांडी आवरल्यावर कोमट पाण्यात हात-पाय धुवावेत, ओलसर असतानाच चमचाभर तिळाचं किंवा शेंगदाण्याचं चांगलं तेल चोळावं आणि जुने मोजे चढवून झोपावं. आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. हौस असेल तर त्या चमचाभर तेलात पामारोजाचा, म्हणजे आपल्या रोशाचा, एक थेंब टाका.

येत्या महिन्याच्या किराण्याच्या यादीत घरच्या गोडेतेलाखाली आणखी एक ओळ लिहा : 'तीळ तेल, पाव किलो, माझ्यासाठी.' आणि कुणी विचारलं तर खुशाल सांगा.